साका

सतरा हंगाम मी आंबे निवडले
जामसंड्याच्या शेडमध्ये, पेंढ्यावर उकिडवी बसून.
देठाजवळचा खड्डा, खांद्याची उंची, सालीवरची लव.
वजन हाताला आधी कळायचं, काटा नंतर सांगायचा.
त्या सतरा हंगामांतून उरलेलं
रुमालात बांधून आणलं होतं,
आणि समोर वेर्णेकर सोनारानं उलगडली
पतंगाच्या कागदासारखी निळसर पुडी.

आत तीन हिरे.
मला वाटलं होतं, हिरा म्हटल्यावर दिसायला तरी मोठा असेल.
हे तर मीठ.
आगरावरून येताना चपलेला चिकटतं तसलं.

"हा अकरा सेंट, हा बारा, नि हा चौदा."
शंभर सेंटांचा एक कॅरेट, हे आदल्या रात्री
पुतणीनं मोबाइलवर वाचून दाखवलेलं.
तेवढंच पाठ होतं.
मग तो बोलत गेला, रंग, कट, सर्टिफिकेट,
मी मान हलवत गेले,
जशी मुंबईची पार्टी हलवते
मी देवगडी नि कर्नाटकी हापूस ओळखायला शिकवते तेव्हा.

छताला सोळा दिवे.
त्यांच्याखाली तिघंही सारखेच हसत होते.
म्हटलं, उंबऱ्यापर्यंत नेऊ का?
त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे,
मग पोराला दारात उभं केलं
आणि चिमटा माझ्या हातात दिला.

खाडीकडून येणारा सकाळचा उजेड
कुणाच्याच नात्यातला नव्हता.
चौदा सेंटवाला तिथे निजला.
मधोमध फिकट वर्तुळ,
बर्फात तीन दिवस राहिलेल्या सुरमईच्या डोळ्यासारखं.
"घडवताना जरा उथळ गेलाय,"
सोनार आतून म्हणाला, न विचारता,
आणि मला तो पहिल्यांदा बरा वाटला.

अकरावाला पांढऱ्या कागदावर उपडा ठेवला
तर पोटात हळद.
हळदीचं मला वावडं नाही,
पण किंमत पांढऱ्याची लावली होती.

उरला बारा.
जरा कलवला की विझायचा, जरा कलवला की पेटायचा.
म्हटलं, आता खरं सांगा, याचा साका कुठे?

साका म्हणजे काय हे देवगडात सांगावं लागत नाही.
वरून केशरी, वास घरभर,
नि चिरला की आत पांढरट, आंबूस,
सालीलासुद्धा ठाऊक नसलेलं.
दोन हजार नऊला वाशीहून चाळीस पेट्या परत आल्या,
माझ्या हातच्या.
मालक काही बोलला नाही.
हजेरीतून नाव तेवढं दोन आठवडे गळलं.

वेर्णेकर थोडा वेळ गप्प.
मग शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं.
"भिंग डोळ्याला लावा नि हिरा जवळ आणा. उलटं नको."
आधी माझ्याच पापण्या दिसल्या.
मग चिकानं जळालेलं बोट, डोंगराएवढं.
मग खोल पाणी,
आणि तळाशी, कडेला, एक काळा कण,
त्याला लागून पिसासारखी रेघ.

मी पाहतच राहिले.
पोराला दारात उभं राहायचा कंटाळा आला.
न चिरता आत पाहू देणारी वस्तू
मी आजवर हातात धरली नव्हती.

भाव केला. सातशे उतरले.
"ठिपका चमकीच्या नखीखाली घेतो," तो म्हणाला.
घ्या, म्हटलं. मला ठाऊक आहे तेवढं पुरे.

काट्यावरच्या सोलकरनं चौथ्या दिवशी विचारलं,
"सरोजबाय, नाकार काय तां? खराच?"
"होय तर. भितर एक काळो ठिपको आसा."
तो हसला. त्याला वाटलं, मी किंमत लपवतेय.
क्रेट पुढे सरकवला.
मी वरचा आंबा उचलला, तळहातावर तोलला,
नाकाशी नेला,
आणि नेहमीसारखा, अंदाजानं,
पहिल्या प्रतीत ठेवला.